घरच्यांना सोबत घेऊन जिगसॉ पझलचा छंद लावायचाय, सुरुवात किती पीसपासून करू? सगळे कंटाळणार तर नाहीत ना?

सरळ उत्तर हवं असेल तर १००० वालं आत्ता नको, ५०० चं घ्या, आणि आकड्यापेक्षा चित्र नीट बघून घ्या. बाकीचं जसं सुचेल तसं लिहितोय, थोडं विस्कळीत होईल, सांभाळून घ्या.

तुम्ही लिहिलंय की घरात पाच माणसं, मुलं ८ आणि १४ वर्षांची, सासूबाई आणि तुम्ही दोघं, संध्याकाळी जो तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला, आणि तुमच्या मिस्टरांचं म्हणणं की हे लहान मुलांचं खेळणं आहे, दोन दिवसांत बॉक्स कपाटावर जाईल. त्यांची शंका अगदीच खोटी नाही. मी बघितलेल्या घरांमध्ये पहिलं पझल अर्धवट राहिलं ते बऱ्याचदा याच कारणाने की उत्साहात एकदम १००० आणलं होतं.

१००० म्हणजे ५०० च्या दुप्पट असं वाटतं ना, पण तसं नसतं. ५०० पीसमधून कुठलेही दोन उचलून एकमेकांना लागतात का बघायचं म्हटलं तर १,२४,७५० जोड्या होतात, १००० मध्ये त्याच होतात ४,९९,५००, म्हणजे चौपट. आता इतक्या जोड्या कोणी लावून बघत नाही, आपण रंग बघून आधीच निम्मं काम उरकतो, पण सुरुवातीला दमछाक का होते ते यावरून कळतं. दुसरी एक गंमत म्हणजे ५०० पीसचं पझल कुठल्याही क्रमाने लावा, एकट्याने लावा नाहीतर पाच जणांनी, सुट्या तुकड्यांचा एक अखंड तुकडा व्हायला बरोबर ४९९ वेळा काहीतरी कशाला तरी जोडावं लागतं. पाच जणांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण शंभर वेळा "बसला!" असं ओरडणं येतं. घरचे टिकून राहतात ते त्या ओरडण्यासाठी, पूर्ण चित्र बघण्यासाठी नाही, निदान आमच्याकडे तरी.

आता चित्र. निळंशार आकाश, अथांग समुद्र, बर्फाचे डोंगर, असली चित्रं भिंतीवर छान दिसतात पण टेबलावर छळतात. अर्धं पझल एकाच रंगाचं असलं की कामच वाटून घेता येत नाही. ज्यात वेगवेगळे भाग ठळक दिसतात असं चित्र घ्या, म्हणजे रंगीबेरंगी दुकानांची रांग, पुस्तकांनी भरलेलं कपाट, गर्दीचा बाजार, फुलांचे वाफे, किंवा चक्क नकाशा. मग आपोआप "ती लाल छत्री माझी", "पाट्या मी लावतो" असं सुरू होतं. अक्षरं असलेले तुकडे सगळ्यात आधी सापडतात, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला नकाशा खूप जमतो. हे काही माझं डोकं नाही, हा खेळच मुळात तसा सुरू झाला, १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाच्या नकाशे कोरणाऱ्या माणसाने लाकडावर नकाशा चिकटवून देशांच्या सीमांवरून कापला आणि मुलांना भूगोल शिकवायला तो विकला.

आणि मिस्टरांना सांगा, मोठ्यांनीही हा खेळ पोटभर खेळलाय. अमेरिकेत महामंदीच्या काळात, १९३२-३३ च्या सुमारास, पुठ्ठ्याची स्वस्त पझल दर आठवड्याला नवीन निघायची, लोक रांगा लावून घ्यायचे, आणि १९३३ च्या सुरुवातीला तिथे आठवड्याला १ कोटीच्या आसपास पझल खपत होती असं सांगतात. कामधंदा नसलेली माणसं घरच्यांसोबत बसून तेच लावायची. २०२० च्या लॉकडाऊनमध्येही तोच प्रकार झाला, कंपन्यांना ऑर्डरी पुऱ्या करता येईनात.

जागेचं लोक शेवटी बघतात, खरं तर ते आधी बघायला पाहिजे. ५०० चं पझल साधारण ४९ बाय ३६ सेंटिमीटर भरतं, १००० चं ७० बाय ५० च्या आसपास, पण सुटे तुकडे पसरायला निदान तितकीच जागा अजून लागते हे कोणी लक्षात घेत नाही. जेवायचं टेबल अडवलंत तर पहिल्याच दिवशी वाद. एक पातळ प्लायवूड किंवा फोमबोर्ड घ्या, त्याच्यावरच लावा, म्हणजे गरज पडली की सगळं उचलून बाजूला ठेवता येतं. गुंडाळून ठेवायच्या मॅट मिळतात, कित्येकांना आवडतात, मला नाही आवडत. एक तर गुंडाळताना जोडलेलं सैल होतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गुंडाळलं की ते नजरेआड जातं आणि परत उघडायला कोणीतरी "चला बसूया" म्हणावं लागतं.

माझ्या मते सगळा छंद इथेच टिकतो किंवा बुडतो. "रोज रात्री नऊ ते दहा सगळ्यांनी पझलला बसायचं" असला कार्यक्रम ठरवलात तर चौदा वर्षांचं पोर पहिलं पळणार, आणि बरोबरच आहे त्याचं. पझल सगळ्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर उघडं पडू द्या, आणि कोणाला बोलवू नका. कोणी फोनवर बोलता बोलता दोन तुकडे लावेल, कोणी झोपायच्या आधी पाच मिनिटं म्हणून बसेल आणि तासभर उठणार नाही. सकाळी उठून बघावं तर डावा कोपरा भरलेला असतो आणि कोणी भरला ते कोणी कबूल करत नाही. माझा मुलगा ज्या दिवशी स्वतःहून पहिल्यांदा टेबलापाशी थांबला त्या दिवशी मी आणि बायको मुद्दाम तिकडे बघितलंच नाही, मांजर जवळ येत असताना आपण हलत नाही ना, तसं.

पहिल्या बैठकीला मात्र सगळे असलेले बरे, कारण ते काम हमालीचं आहे, सगळे तुकडे सुलटे करायचे आणि सरळ कड असलेले वेगळे काढायचे. ताटं, ट्रे, बॉक्सची झाकणं, जे असेल त्यात रंगाप्रमाणे टाका. ८ वर्षांच्या लेकराला कडेचे तुकडे मोजायला द्या. बॉक्सवर ५०० लिहिलेलं असलं तरी बऱ्याच पझलमध्ये २७ बाय १९ म्हणजे ५१३ तुकडे असतात, आणि १००० लिहिलेल्यात ३८ बाय २७, म्हणजे १०२६. जास्त निघाले म्हणून घाबरू नका. २७ बाय १९ असेल तर कडेचे ८८ भरले पाहिजेत. आणि १००० चं पझल ३८ बाय २७ असो की ४० बाय २५, कडेचे तुकडे दोन्हीकडे १२६ च येतात, चौदा वर्षांच्याला हे का ते विचारा, थोडा वेळ शांत बसेल. पहिल्या चाळणीत कडेचे दोनचार कमी पडले तर हरवले असं धरू नका, ते हमखास दुसऱ्या ताटात दडलेले असतात.

कड झाली की ज्याला जे दिसतंय ते त्याने घ्यावं. शेवटी मात्र एकाच रंगाचा ढीग उरतो, आणि तिथे रंग उपयोगाचा नाही, आकार बघायचा. मधल्या तुकड्याच्या चार बाजूंना एक तर बाहेर आलेलं टोक असतं नाहीतर आत गेलेली खाच, त्यामुळे फिरवून सारखे दिसणारे धरले तर एकूण सहाच प्रकार होतात, चार टोकं, तीन, समोरासमोर दोन, शेजारशेजारची दोन, एक, आणि एकही नाही. त्या सहा रांगा लावल्या की अर्धा तास ज्या जागी अडलो होतो तिथे दहा तुकडे आलटून पालटून बघायचे एवढंच उरतं. आमच्या आईला हेच काम सगळ्यात आवडतं, चित्र लावण्यात तिला फारसा रस नाही, पण रांगा लावून मिळाल्या की ती एकेक पद्धतशीर लावून बघते आणि आम्ही ज्या आकाशाला कंटाळलेलो असतो ते तीच संपवते. पातळ पुठ्ठ्याच्या स्वस्त पझलमध्ये चुकीचा तुकडाही बसल्यासारखा वाटतो, तेव्हा शंका आली तर जोडलेला भाग हळूच उचलून उजेडासमोर धरा, फटीतून उजेड आला तर तो तुकडा तिथला नाही.

सासूबाईंसाठी प्रकाश चांगला लागेल, वरच्या दिव्याचा चकाकता उजेड गुळगुळीत कागदावर पडला की डोळ्याला त्रास होतो, म्हणून बाजूने दिवा ठेवा आणि शक्य असेल तर मॅट फिनिशचं पझल घ्या. मोठ्या तुकड्यांची ३००, ५०० ची पझलही मिळतात.

धाकट्याच्या हातातला तुकडा घेऊन "अरे हा इथे जातो" असं कोणी करू नका, मोठ्या भावंडांना तर बजावूनच ठेवा. फार तर "फिरवून बघ", "सरळ बाजू कुठे आहे?", "हिरव्याच्या वर काय आहे?" एवढं बोला. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये ५३ मुलांचा अभ्यास छापला होता, दोन ते चार वयात घरी पझल खेळणारी मुलं साडेचार वर्षांची झाल्यावर आकार मनातल्या मनात फिरवून जुळवण्यात पुढे होती. पझलमुळेच तसं झालं असं त्यातून सिद्ध होत नाही, त्यामुळे अभ्यासात फायदा होईल म्हणून पोरांच्या मागे लागू नका, मजा जाईल.

घड्याळही लावू नका. स्पेनमधल्या वायादोलिदला २०१९ पासून जिगसॉची जागतिक स्पर्धा होते, वैयक्तिक फेरीत ५०० पीस असतात आणि जिंकणारे पाऊण तासाच्या आसपास किंवा त्याच्याही आत लावून मोकळे होतात. मोठ्याला त्याचे व्हिडिओ दाखवा, आवडतील, पण घरात ती शर्यत आणली की सासूबाई आणि धाकटं आपसूक बाजूला पडतात.

भांडणं दोन गोष्टींवरून होतात. एक, झाकणावरचं चित्र कोणाकडे, त्याचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला की संपलं (मोबाईल बाजूला ठेवायला म्हणून सुरू केलेल्या खेळाला मोबाईलच लागतो, असो). दोन, शेवटचा तुकडा. प्रत्येक घरात एक तरी माणूस तो आधीच खिशात लपवतो, आमच्याकडे तो मीच. तुमच्याकडे ज्याने सगळ्यात कमी तुकडे लावले त्याला शेवटचा द्यायचा असं आधीच ठरवा. मिस्टरांना मिळेल बहुतेक.

पूर्ण झाल्यावर ग्लू लावून फ्रेम करण्याची हौस पहिल्यांदा येते, पण मी मोडायच्या बाजूचा आहे, दोनचार दिवस बघायचं आणि मोडायचं. तुकडे चेनच्या पिशवीत भरून मगच बॉक्समध्ये ठेवा, नाहीतर झाकण सरकून हरवतात. एखादा कमी असेल तर झाडू मारायच्या आधी सोफ्याच्या फटीत, गालिच्याखाली आणि घरात कुत्रं असेल तर त्याच्या जागेवर बघा. मित्रमंडळींमध्ये अजून कोणाला नाद असेल तर अदलाबदल करत राहा, दर वेळी नवीन विकत घ्यायची गरज नाही, फक्त देताना एखादा तुकडा कमी असेल तर झाकणाच्या आत तसं लिहून द्या.

आणि १००० चं कधी? पाचशेवालं संपल्यावर "पुढचं कुठलं?" असं तुमच्याऐवजी दुसऱ्या कोणी विचारलं की.