पुण्याहून चोर्ला घाटाने गोव्याला चाललोय. डोंगर आवडतात, मध्ये एक दिवस हाताशी आहे. बेळगावात कुंदा या मिठाईशिवाय थांबण्यासारखं काही आहे का?

तुम्ही विचारलंत तेच 'कुंद्याशिवाय काही आहे का' मी आमच्याच घरात पंधरा वर्षं ऐकतोय. म्हणून लिहायला बसलो.

मी बेळगावजवळच्या येळ्ळूरचा. मागच्या दारात उभं राहिलं की राजहंसगड दिसतो. पाचवीत असताना चुलत्यांबरोबर वर सिद्धेश्वराच्या देवळात गेलो आणि तेव्हापासून डोंगराचं वेड लागलं ते लागलंच. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. सुट्टी मिळाली की महिपाळगड, कलानंदीगड, पारगड. पारगडावर तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा किल्लेदार होते, त्यांचे वंशज आजही गडावर राहतात. अशा जागा इथे आहेत आणि आमचे पुण्याचे दाजी दरवर्षी येतात, आईच्या हातचं जेवतात, दोन किलो कुंदा बांधून घेतात आणि गोव्याची वाट धरतात. "डोंगर आहेत रे तुमच्याकडे, पण बघायला काय आहे?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

सहा वर्षांपूर्वी आषाढात दाजी, माझी बहीण अक्का आणि भाची निघाले, तेव्हा मी हट्टाने त्यांच्या गाडीत बसलो. म्हटलं, दाजी, तुमच्याच वाटेवर कणकुंबी लागते, एक तास द्या. पिरनवाडीवरून किणये, जांबोटी करत निघालो. जांबोटी सोडली की दोन्ही बाजूंनी रान अंगावर येतं. पाऊस असा की वायपर चालूनही समोरचं दिसेना. आमच्या जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडणाऱ्या गावांत कणकुंबी आहे.

तिथे माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७९२ मीटरवर. गोव्याचा समुद्र एवढा जवळ, तरी हे पाणी त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला निघतं. खानापूर, सौंदत्तीचं नविलतीर्थ धरण, कुडलसंगमाला कृष्णा, आणि मग बंगालचा उपसागर. पलीकडे भीमगडाच्या रानातली म्हादई पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होते. पाऊस तोच, डोंगरही तेच, एवढ्याशा अंतरात पाणी दोन समुद्रांना वाटलं जातं. पेपरात कणकुंबीचं नाव येतं ते कर्नाटक-गोव्यातल्या कळसा नाल्याच्या आणि म्हादईच्या पाणीतंट्यापुरतं. हे मात्र कुणी सांगत नाही. मी भाचीला सांगितलं. ती भर पावसात उकिडवी बसली, पाण्यात हात घातला आणि म्हणाली, "मामा, हे पाणी तिकडे कधी पोचणार?" मला त्या दिवशी सगळं मिळालं.

दाजी गाडीतच होते. तेवढ्यात अक्काला बाथरूमला जायचं होतं आणि सोय कुठेच नव्हती. पाचशे पावलं इकडे, पाचशे तिकडे, काही नाही. शेवटी एका घराच्या ओसरीवरून एक मावशी म्हणाल्या, "पावसात कशाला उभ्या? आत या की." त्यांनी अक्काला आत नेलं आणि आम्हा सगळ्यांना चुलीपाशी बसवलं. पाऊण तासात ताटात नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, आमसुलाचं सार आणि उकडा भात. दाजी तीन भाकऱ्या जेवले, मी मोजल्या. पैसे पुढे केले तर मावशींनी हात मागे घेतला. पाहुण्याकडून पैसे घेतात का?

गाडीत बसल्यावर दाजी म्हणाले, "बघ, साधं शौचालय नाही, जेवायला हॉटेल नाही, आणि म्हणे पर्यटन. दोन-चार रिसॉर्ट येऊ देत, मग बोल." घाट उतरेपर्यंत आम्ही भांडत होतो.

शौचालयाचं त्यांचं म्हणणं खरं होतं, ते मी तेव्हाच मान्य केलं. बाईमाणसाने दिवसभर पाणी न पिता फिरावं आणि आपण निसर्गाचं कौतुक करावं, ही लाजेची गोष्ट आहे. पण रिसॉर्टचं मला तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. रिसॉर्ट झाला की गावाला काय मिळतं? दोन वॉचमनच्या नोकऱ्या आणि मागच्या ओढ्यात कचरा. ज्या मावशीने भाकरी थापली तिच्या हातात काहीच पडत नाही. मला विचाराल तर मावशींनी पैसे घ्यायला पाहिजे होते. डोंगरातली माणसं रांधतात, वाट दाखवतात, आणि कमाईसाठी त्यांची पोरं मात्र गोव्यात हॉटेलात भांडी घासायला जातात. ही गोष्ट मला फार टोचते.

पुढच्या वर्षी कारखान्यातले आम्ही आठजण गेलो. मावशींना आदल्या दिवशी फोन केला आणि ताटाचा दर आधीच बोलून घेतला. पहिल्यांदा संकोचल्या, मग सुनेने दर सांगितला. आता वर्षातून चार-पाचदा जातो आणि शेजारच्या दोन घरांतही जेवण मिळतं. एवढंच हवं आहे: स्वच्छ शौचालय, मराठीत आणि कन्नडमध्ये पाट्या, संध्याकाळी परत यायला एक जादा बस आणि घरचं जेवण रोख पैशाने. आणखी एक. देवरवाडीचा वैजनाथ आणि महिपाळगड महाराष्ट्रात, राजहंसगड कर्नाटकात, आम्हाला दोन्ही एका सकाळीत होतात. पण इकडच्या नकाशात तिकडचं नाही आणि तिकडच्यात इकडचं नाही. परक्या माणसाला कळणार कसं? रेषा सरकारची आहे, डोंगर सलग आहे.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, थांबा. आदल्या संध्याकाळी राजहंसगड करा. २०२३ साली तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा झाला, तेव्हापासून रविवारी गर्दी असते, म्हणून इतर वारी जा. सकाळी बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, बघा आणि मग कणकुंबी. वेळ उरला तर जवळच चिगुळे आहे, तिथल्या कड्यावरून खाली गोव्याकडचं रान दिसतं. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा, पण तो उलट्या दिशेला, एका दिवसात दोन्हीचा हट्ट नको. हलशीची कदंबांची देवळं पुढच्या खेपेला ठेवा.

भर पावसात आलात तर जळवा लागणारच, मीठ जवळ ठेवा. जांबोटीकडच्या रानातल्या धबधब्यांवर परवानगी विचारल्याशिवाय जाऊ नका. भीमगड अभयारण्य आहे, वनखात्याला विचारावंच लागतं. जांबोटीनंतर फोनला रेंज कधी असते, कधी नसते. माझं ऐकाल तर नवरात्रानंतर या. पाऊस उघडलेला असतो आणि ओढे अजून वाहत असतात. जेवणाचं आदल्या दिवशी कळवा, किती माणसं ते नीट सांगा, आणि मावशी नको म्हणाल्या तरी पैसे सुनेच्या हातात द्या.