जून १९४४ पासून सुरुवात कर

दुसरं महायुद्ध १९३९ पासून क्रमाने वाचायला घेतलंस तर दोन महिन्यांत कंटाळशील. त्यापेक्षा एकच महिना घे: जून १९४४. भिंतीवर जगाचा नकाशा लाव आणि तारखा शेजारी शेजारी मांड. ४ जूनला रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती पडलं, ६ ला फ्रान्समधल्या नॉर्मंडीत त्यांचं सैन्य उतरलं, १५ ला अमेरिकन सैनिक पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर. २२ जूनला ईशान्य भारतातला इंफाळ-कोहिमा रस्ता जपान्यांच्या वेढ्यातून मोकळा झाला, त्याच सुमारास बेलारूसमध्ये रशियाचं 'बाग्रातिओन' आक्रमण सुरू झालं. जर्मन सैन्याचं सर्वात मोठं नुकसान तिथे झालं, नॉर्मंडीत नव्हे. हे बहुतेकांच्या गावीही नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मग जहाजांकडे वळ. रणगाडे थेट किनाऱ्यावर उतरवणारी जहाजं मोजकीच होती. इटलीत आंझिओच्या किनाऱ्यावरच्या मोहिमेत ती अडकली, नॉर्मंडीलाही तीच हवी होती. म्हणून दक्षिण फ्रान्सची मोहीम थेट १५ ऑगस्टवर गेली. एका आघाडीचं उत्तर असं दुसऱ्या आघाडीवर सापडतं. सेनापतींची चरित्रं नंतर वाच. आधी रसद समजून घे.

आणि इटली वगळू नकोस. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथेच, टायबरच्या खोऱ्यात लढले. तुकडीतले जवळपास सगळे पडल्यावर त्यांनी एकट्याने मशीनगनचं ठाणं घेतलं. गोळ्या भरायला वेळ नव्हता, तेव्हा शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. लगेच शत्रूच्या गोळीने तेही गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं.