बुत्सुदान, कामिदाना आणि ख्रिस्ती पाहुणा

तुम्ही विचारलंय: नागोयात सुरुवातीला जपानी कुटुंबात राहायचंय, घरात बुत्सुदान (बौद्ध देवघर) आणि कामिदाना (शिंतो धर्माचं देवघर) दोन्ही आहेत, तर ख्रिस्ती माणसाने हात जोडावेत का? दोन्हींना एकच माप लावू नका.

बुत्सुदान म्हणजे दारं असलेलं लाकडी देवघर. मध्ये बुद्धाची मूर्ती किंवा चित्र, आणि बहुतेक घरांत खालच्या पायरीवर मृतांच्या नावांच्या उभ्या पाट्या, म्हणजे इहाई. घरच्यांच्या मनात तिथे बहुधा आजी-आजोबाच असतात. जपानच्या कॅथलिक बिशपांच्या 1985 च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच इथे उदबत्ती लावायला मुभा आहे. बरेच प्रोटेस्टंट पाळक मात्र उदबत्ती नको म्हणतात. त्यांच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक नुसती मान लववतात आणि मनात त्या कुटुंबासाठी प्रार्थना करतात. तुमची मंडळी कुठली ते लिहिलं नाहीत, तेव्हा निघण्याआधीच विचारून घ्या. लावायची नसेल तर पहिल्याच दिवशी सांगून टाका. कोणी रागावत नाही. ऐन वेळी मागे सरकलेलं मात्र खटकतं.

लावणार असाल तर मेणबत्तीवर पेटवा आणि ज्योत हाताने वारा घालून विझवा. फुंकर नको, तोंडाची हवा अशुद्ध मानतात. काडी राखेत उभी खोचायची. जोदो शिनशू या बौद्ध पंथाच्या घरी ती मोडून आडवी ठेवतात. यजमानांचं बघून करा. टाळ्या इथे वाजवत नाहीत, नवखे हमखास तिथेच चुकतात.

तुम्ही नेलेली बाकरवडीसुद्धा आधी बुत्सुदानासमोर जाईल, मग चहाबरोबर तुमच्याच पुढ्यात येईल. खायची का? पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय नेमका यावरच आहे. निघण्याआधी वाचा.

कामिदाना भिंतीवर उंच असतो: शिंतो देवळातून आणलेला ओफुदा (देवाच्या नावाचा पवित्र कागद किंवा पाटी), पुढे तांदूळ, मीठ, पाणी, साकाकीची पानं. दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून पुन्हा वाकणं ही सरळ कामींची, म्हणजे शिंतो देवांची, पूजा, आणि पाहुण्याकडून ती अपेक्षितही नसते. लांबच राहा. त्यावर पांढरा कागद दिसला तर झाडलोट करताना काढू नका: घरात मृत्यू झाल्यावर साधारण 50 दिवस तो तसाच ठेवतात.

बौद्ध अंत्यविधीला जावं लागलं तर घरच्यांना द्यायच्या पैशांसाठी कमळ छापलेलं पाकीट चालतं, ख्रिस्ती अंत्यविधीला नाही. सहकारी किंवा शेजाऱ्यासाठी 5000 येन पुरतात. 4 आणि 9 चे आकडे टाळा, कोऱ्या करकरीत नोटा नकोत. नव्याच असतील तर एक घडी घाला. बौद्ध जपमाळ नेली नाही तरी चालतं, पण तिच्याऐवजी रोझरी हातात धरू नका.