वाचकांचे प्रश्न : बुद्धिबळ इंजिनातील छाटणी

प्रश्न : मी संगणकशास्त्राचा विद्यार्थी असून हौसेने एक बुद्धिबळ इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम, लिहिले आहे. त्यात नल मूव्ह प्रूनिंग ही छाटणीची पद्धत घातल्यापासून ते तेवढ्याच वेळात पूर्वीपेक्षा दोन खेळ्या खोल पाहते. मात्र रंकाळ्यावर संध्याकाळी पट मांडून बसणाऱ्या ज्येष्ठ खेळाडूंनी राजा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये (डावाच्या अखेरच्या टप्प्यात) त्याला वारंवार हरवले. छाटणीने इंजिनाची ताकद वाढते की घटते, हे कसे ठरवावे?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : छाटणी म्हणजे पुढच्या खेळ्यांच्या काही शक्यता न तपासताच सोडून देणे. ती दोन जातींची असते, हे आधी लक्षात घ्यावे. अल्फा-बीटा ही निर्धोक छाटणी आहे : ज्या शक्यतांमुळे निवड बदलूच शकत नाही, तेवढ्याच ती सोडते. तिच्यामुळे उत्तर बदलत नाही, फक्त ते लवकर मिळते. डावाच्या मध्यावर साधारण ३५ खेळ्या शक्य असतात असे धरले, तर सहा खेळ्यांच्या खोलीवर सुमारे १८४ कोटी स्थिती तपासाव्या लागतात. अल्फा-बीटामध्ये प्रत्येक ठिकाणी सर्वोत्तम खेळी आधी तपासली गेली, तर हेच काम ८६ हजारांच्या आत होते. म्हणून खेळ्यांचा क्रम लावणे हे छाटणीइतकेच महत्त्वाचे आहे, आणि हौशी इंजिनांत नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते असे मला वाटते.

नल मूव्हची जात वेगळी, कारण ती अंदाजावर चालते. आपली पाळी सोडून दिली तरी स्थिती पुरेशी चांगली राहते, असे कमी खोलीच्या शोधात दिसले, की ती फांदी, म्हणजे त्या स्थितीपुढच्या सगळ्या शक्यता, तिथेच तोडली जाते. ‘खेळी करणे हे न करण्यापेक्षा बरे’ हे यामागचे गृहीतक असून बहुतेक स्थितींत ते खरे ठरते. राजा-प्याद्यांच्या एंडगेममध्ये मात्र ते कोसळते. पांढरा राजा ई-५ वर, त्याचे प्यादे ई-४ वर आणि काळा राजा ई-७ वर असा पट मांडून पाहा : खेळी पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो, काळ्याची असेल तर काळा हरतो. काळ्याला पाळी सोडता आली असती तर तो वाचला असता. तुमचे इंजिन ती सोडता येते असे धरून चालते आणि हरलेली स्थिती बरोबरीची मानते. रंकाळ्यावरच्या खेळाडूंनी पकडली ती बहुधा हीच चूक. यावरचा उपाय जुना आणि सोपा आहे : ज्याची पाळी आहे त्याच्याकडे राजा आणि प्यादी यांखेरीज एकही मोहरा नसेल, किंवा त्याच्या राजाला शह असेल, तर नल मूव्ह वापरू नये.

क्रमात मागे पडलेल्या खेळ्या कमी खोलीवर तपासणारी लेट मूव्ह रिडक्शन ही पद्धतही अंदाजावरच चालते. पण अशी एखादी खेळी अनपेक्षितपणे चांगली निघाली, तर ती पूर्ण खोलीवर पुन्हा तपासली जाते, त्यामुळे तिची चूक बऱ्याचदा सुधारता येते.

आता मोजमापाविषयी. खोलीचा आकडा म्हणजे ताकद नव्हे, कारण छाटणी करणारे इंजिन त्या खोलीपर्यंत सगळे पाहून पोहोचलेले नसते. उलट, छाटणी असलेली आणि नसलेली अशा दोन्ही आवृत्त्या समान खोलीवर खेळवल्या तर छाटणीचा तोटा तेवढा दिसतो आणि वाचलेल्या वेळाचा फायदा हिशेबात येतच नाही. म्हणून दोघींना समान वेळ द्यावा, प्रत्येक सुरुवातीची स्थिती रंग बदलून दोनदा खेळवावी आणि एका वेळी एकच बदल तपासावा. १०० डावांत ५५-४५ असा निकाल निव्वळ योगायोगानेही सहज लागतो. स्टॉकफिश या बुद्धिबळ इंजिनाचे विकसक २०१३ पासून फिशटेस्ट या व्यवस्थेत एकेका लहान बदलासाठी हजारो डाव खेळवतात, ते याचमुळे. तुमच्या संगणकावर एवढे डाव रात्रभरात बसवायचे असतील तर प्रत्येक बाजूला काही सेकंदांचाच वेळ द्या, आणि आधी वरची अट घालून नल मूव्हची चाचणी पूर्ण करा. लेट मूव्ह रिडक्शनला त्यानंतरच हात घाला.