मिस्टरी शॉपिंगचं काम खरंच असतं का?

प्रश्न : ताई, माझी नोकरी अर्धवेळ आहे आणि महिनाअखेरीला फार ओढाताण होते. परवा फोनवर संदेश आला : 'मिस्टरी शॉपर व्हा. दुकानात जा, वस्तू घ्या, वस्तू तुमचीच आणि वर मानधन.' नावनोंदणीला मात्र आधी थोडे पैसे भरायचे आहेत. असं काम खरंच असतं का? त्यात किती सुटतात? आणि काउंटरवरच्या माणसाला अंधारात ठेवून त्याची परीक्षा घ्यायची, हे मनाला पटत नाहीये. तुमचं काय मत आहे?
— एक वाचक

उत्तर : आधी त्या संदेशाचं. एक पैसाही भरू नका. मी सहा वर्षं हे काम केलं, अशी कामं देणाऱ्या चार संस्थांसाठी केलं, आणि नावनोंदणीचे पैसे कुणीच मागितले नाहीत. मागायचं कारणच नसतं. आपल्या दुकानांत ग्राहकाला कशी वागणूक मिळते हे कंपनीला जाणून घ्यायचं असतं, म्हणून ती संस्थेला पैसे देते आणि संस्था त्यातून आपल्याला देते.

याहून घातक प्रकार चेकचा. मोठ्या रकमेचा चेक येतो. तो खात्यात भरा, तुमचं मानधन ठेवून घ्या, उरलेल्या पैशांची गिफ्ट कार्डं घ्या आणि त्यांचे नंबर कळवा, असं सांगतात. खात्यात रक्कम दिसते, म्हणून आपण निर्धास्त होतो. चेक खोटा निघायला कधी कधी काही आठवडे जातात. तोवर कार्डांवरचे पैसे उडालेले असतात आणि बँक वसुली आपल्याकडून करते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही या फसवणुकीबद्दल लोकांना सावध केलं आहे. खऱ्या संस्था शोधायच्या तर एमएसपीए या त्यांच्या व्यावसायिक संघटनेची सदस्ययादी पाहा आणि नोंदणी थेट त्या संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन करा. संदेशातल्या लिंकवरून नको, कारण भामटे खऱ्या संस्थांची नावंही सर्रास वापरतात.

आता पैशांचं. काम मिळतं, पण मानधन खरेदीचं मिळत नाही, लिहिण्याचं मिळतं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्या महिन्यात मी पाच कामं केली आणि वहीत वेळ टिपून ठेवला. दुकानांत मिळून जेमतेम दोन तास गेले होते, एकूण वेळ भरला तेरा तास. सूचनापत्र दोनदा वाचायचं, जायचं-यायचं आणि मग अहवाल. आत शिरल्यापासून कोणी बोलेपर्यंत किती सेकंद गेले, नावाची पट्टी लावली होती का, दुसरी वस्तू सुचवली का, बिल हातात दिलं का. 'सेवा चांगली होती' असं लिहिलं की अहवाल परत येतो. काय पाहिलं, काय ऐकलं, ते शब्दांत हवं. तेव्हा मानधनाला दुकानातल्या वेळाने नव्हे, सगळ्या तासांनी भागा आणि मगच काम घ्या.

शिवाय वस्तूचे पैसे आधी आपल्या खिशातून जातात. परत मिळतात ते ठरलेल्या मर्यादेपर्यंतच, आणि मानधनासकट हातात यायला महिना-दोन महिने लागू शकतात. म्हणून या महिन्याचं भाडं यावर अवलंबून ठेवू नका. एकदा मला दुपारी एकच्या आत दुकानात जायचं होतं. वाटेत फोन आला, बोलत राहिले, आणि बिलावर वेळ छापली गेली १:०४. चार मिनिटांसाठी अख्खा अहवाल नाकारला गेला. मानधन गेलं आणि नको असलेल्या बुटांचे पैसे माझ्याच अंगावर पडले. चूक माझी होती, नियम स्पष्ट लिहिलेला होता. तेव्हापासून अर्धा तास आधी पोचायची सवय लागली. बिलाचा फोटो मात्र दुकानाबाहेर पडल्यावर, कोपऱ्यापलीकडे जाऊन काढायचा. काउंटरसमोर काढलात तर ओळखल्या जाल.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. एका बुटांच्या दुकानात एक मुलगी होती. तिने मला पॉलिश सुचवलं नाही, मोजे सुचवले नाहीत. म्हणजे अहवालाच्या फॉर्ममध्ये दोन ठिकाणी 'नाही'. पण माझ्या आधी एक आजोबा होते, त्यांना वाकता येत नव्हतं. ती खाली बसली, बुटाच्या टाचेत बोट घालून जागा पाहिली, नाडी बांधली आणि म्हणाली, "आता चार पावलं चालून दाखवा." त्यांना तो बूट टोचत होता, तेव्हा तिने महागाचा बाजूला ठेवून स्वस्तातला आणून दिला. फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता. मी दोन्ही 'नाही' प्रामाणिकपणे लिहिले आणि खाली शेऱ्याच्या जागेत ही गोष्ट शब्दशः उतरवली. त्या दिवशी त्या शेऱ्यालाच पाऊण तास लागला.

काउंटरवरच्या माणसांची परीक्षा तुम्ही गेलात किंवा नाही गेलात तरी होणारच आहे. बहुतेक ठिकाणी त्यांना तशी कल्पनाही दिलेली असते. तुमच्या हातात असतं ते जसं घडलं तसं लिहिणं. रांग मोठी होती, काउंटरवर एकटीच होती, हेही लिहायचं. आठवत नसेल तर अंदाजाने रकाना भरायचा नाही, कारण त्या एका खुणेवर कुणाचा बोनस अडू शकतो. मुद्दाम चुका शोधायला जायचं नाही. एवढं जमणार असेल तर खुशाल करा. पहिलं काम फोनवरचं, म्हणजे ग्राहक म्हणून फोन करून सेवा पाहण्याचं, मागा. काही संस्था तशी देतात. त्यात प्रवासही नाही आणि खरेदीही नाही.