घरच्या घरी राजकीय विनोदी ऑडिओ नाटिका कशी करावी?

घरातल्याच माणसांना घेऊन राजकारणावर ऑडिओ नाटिका करता येईल का, आणि नक्कल जमत नसेल तर काय, असं तुम्ही विचारलंय. येते की. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत बारा मिनिटांची केली: मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतली लेक. नक्कल आमच्यात कुणालाच येत नाही.

नकलेच्या नादी लागूच नका. पुढाऱ्यांच्या नकला फोनवर रोज ढिगाने येऊन पडतात. त्यापेक्षा एखादा सरकारी नियम उचला आणि तो इमानेइतबारे पाळून दाखवा. आम्ही ग्रामसभा घेतली. तिला गणपूर्ती लागते, 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि ती तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा मात्र गणपूर्तीची अटच नाही! म्हणजे ठराव बिनबोभाट पास करायचे तर गावाने न आलेलंच बरं. आमच्या नाटिकेत दवंडीवाला दवंडी देतो ती कुजबुजत.

महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींत महिलांना 50 टक्के आरक्षण, म्हणून सरपंच मी. माझ्या वाट्याला तीन वेळा "हं". बाकी सगळं सरपंचपती बोलतात, "मॅडमचं म्हणणं असं आहे की..." सासूबाई ग्रामसेवक. त्यांनी आवाज बिलकुल बदलला नाही, नुसतं दर वाक्याआधी खाकरून "नियमानुसार" म्हणाल्या. कोण बोलतंय ते कळायला तेवढं पुरतं.

डोकं खाल्लं ते रिकाम्या सभेने. गर्दी सोपी असते, चौघांनीच खोलीच्या चार कोपऱ्यांतून चार वेळा कलकलाट करायचा आणि एकावर एक चढवायचा. पण कुणीच आलं नाही हे ऐकवायचं कसं? शेवटी सोसायटीच्या जिन्यात गेलो. लेकीने प्लास्टिकची खुर्ची फरशीवरून सावकाश ओढली, थांबली, आणि एकदाच खोकली. झाली सभा.

बाकी संवाद बेडरूममध्ये, खिडकीवर गोधडी टांगून. फोन तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धरा, नाहीतर प-फ-भ फुटतात. पंखा बंद, फ्रीजही बंद. स्कूटरची किल्ली फ्रीजमध्येच ठेवा, म्हणजे तो परत चालू करायचं विसरत नाही. आधी दहा सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये घरघर काढायला ती लागते. ऑडॅसिटी फुकट आहे, त्यामुळे खर्च चहाचा.

एडिटिंग मी केलं. स्क्रीनवर नवऱ्याच्या आवाजाचे डोंगरच्या डोंगर आणि माझी सपाट रेघ, मधे तीन टेकाडं. मी म्हटलं, "जरा बघ इकडे." तो म्हणाला, "अगं, ते नाटक आहे." सासूबाई आतून खाकरल्या, "नियमानुसार..."

घरच्या ग्रुपवर टाकली. तीन वेगवेगळ्या गावांतून एकच विचारणा आली, आमच्या गावचं तुम्हाला कुणी सांगितलं?