ऑगस्टमधील एका पानाची पुरवणी

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा मजकूर जवळजवळ सारखाच असतो. लहान विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मुख्य प्रशिक्षक मोठ्या विद्यापीठात जातो, जाताना हाताखालच्या चार-पाच जणांना ‘सोमवारपासून तिकडे या’ असे सांगतो, आणि आपल्या करारात बायआउटचे, म्हणजे मुदतीआधी गेल्यास पैसे भरण्याचे, कलम आहे याची त्या चार-पाच जणांना तेव्हा कुठे आठवण होते. या खेपेचे पत्र मूळच्या कोल्हापूरच्या एका वाचकाचे आहे. ते ओहायोतील एका लहान सरकारी विद्यापीठात फुटबॉल संघाचे स्ट्रेंथ कोच, म्हणजे खेळाडूंचा व्यायाम घेणारे सहायक प्रशिक्षक, आहेत. त्यांचा मूळ करार १ फेब्रुवारी २०२४ ते ३१ जानेवारी २०२६ असा दोन वर्षांचा होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे मूळ वेतन वर्षाला ६८,००० डॉलर झाले आणि त्यासाठी त्यांनी एका पानाच्या पुरवणी करारावर सही केली. आता मुख्य प्रशिक्षकांबरोबर जायचे तर १५ डिसेंबर हा शेवटचा दिवस ठरेल. ‘मला किती पैसे भरावे लागतील, आणि भरलेच पाहिजेत का?’ एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

बायआउट म्हणजे काय, हे मी पुन्हा सांगत बसत नाही. तुमच्या मूळ कराराच्या नवव्या कलमात ते स्पष्ट लिहिलेले आहे: मुदत संपण्यापूर्वी दुसऱ्या नोकरीसाठी जाल, तर उरलेल्या मुदतीच्या मूळ वेतनाइतकी रक्कम विद्यापीठाला द्याल. तुम्ही पत्राची तीन पाने या कलमावर खर्च केली आहेत. पुरवणीबद्दल मात्र ‘ती फक्त पगारवाढीची होती’ एवढे एकच वाक्य आहे. तुम्हीच सोबत जोडलेली ती पुरवणी मी वाचली. तिच्या दुसऱ्या परिच्छेदात कराराची मुदत ३१ जानेवारी २०२८ पर्यंत वाढवलेली आहे, आणि सहीच्या जागेच्या थोडे वर ‘या पुरवणीने बदललेल्या बाबी वगळता मूळ कराराच्या सर्व अटी कायम राहतील’ अशी एक ओळ आहे. तुमचे सगळे प्रकरण त्या ओळीत आहे. पुरवणी तुमच्यावर बंधनकारक नसेल, तर १५ डिसेंबरनंतर दीड महिना उरतो आणि देणे होते ८,५०० डॉलर. ती बंधनकारक असेल, तर साडेपंचवीस महिने उरतात आणि देणे होते १,४४,५०० डॉलर. पहिली रक्कम तुम्ही उधार-उसनवार करून भरू शकाल, दुसरी तुमच्या दोन वर्षांच्या पगाराहूनही जास्त आहे.

तुम्ही लिहिता की सही केली तेव्हा फॉल कॅम्प, म्हणजे हंगामापूर्वीचे सराव शिबिर, चालू होता, वेट रूममध्ये मुलांचे स्क्वॉट सुरू होते, एका हाताने बारला आधार देत तुम्ही दुसऱ्या हातातला फोन पाहिला आणि अंगठ्याने सही करून तो खिशात टाकला. हे वाचून मला खरोखर वाईट वाटले आणि रागही आला. गावाकडे दोन गुंठे जमीन घ्यायची असली तरी आपण सातबारा काढतो, फेरफार पाहतो, तलाठ्याकडे दोन चकरा मारतो. ज्या कागदावर पुढची अडीच वर्षे आणि दीड लाख डॉलरच्या आसपासची रक्कम अवलंबून आहे, तो वाचायला मात्र पाच मिनिटे मिळत नाहीत. न वाचता सही केली, हा ओहायोतील कोणत्याही न्यायालयात बचाव होत नाही, आणि फोनवर केलेली सही कागदावरच्या सहीइतकीच पक्की असते. त्यामुळे ‘मला कल्पना नव्हती’ हे वाक्य आजपासून कोणालाही लिहू नका.

तुमची बाजू दुसऱ्याच एका गोष्टीवर उभी राहू शकते, आणि तिचा उल्लेख तुम्ही पत्राच्या शेवटी, अगदी जाता जाता केला आहे. सहीच्या दिवशी सकाळी तुम्ही क्रीडा विभागाच्या अधिकाऱ्यांना ईमेल केला होता की तुमचे वडील बंधू वकील आहेत, त्यांना दाखवून मगच हे पक्के समजावे. त्यावर ‘हरकत नाही, पण सप्टेंबरच्या पगारात वाढ यावी म्हणून आज सही करून ठेवा’ असे उत्तर आले. ही देवाणघेवाण तुमच्या हातातला सर्वांत मौल्यवान कागद आहे, कारण जवळजवळ याच परिस्थितीवर एक महत्त्वाचा निकाल आहे.

टेनेसीतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने डिसेंबर १९९० मध्ये जेरी डिनार्डो यांना मुख्य प्रशिक्षक म्हणून पाच वर्षांच्या करारावर घेतले होते. त्यांच्या करारातही तुमच्यासारखेच कलम होते. ऑगस्ट १९९४ मध्ये विद्यापीठाचे ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचे प्रमुख, टेनेसीतील बेल बकल या गावी संघाचा सराव चालू होता तिथे मुदत दोन वर्षांनी वाढवणारी पुरवणी घेऊन गेले. डिनार्डोंनी सही केली, पण आपले वकील बंधू ती पाहतील, त्यानंतर ती अंतिम होईल, असे सांगितल्याचे त्यांचे म्हणणे होते. त्याच डिसेंबरात ते लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेले आणि व्हँडरबिल्टने दावा लावला. कनिष्ठ न्यायालयाने पुरवणीची वर्षे धरून २,८१,८८६.४३ डॉलर मंजूर केले. सहाव्या सर्किटच्या (टेनेसी आणि ओहायो ज्यात येतात त्या विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने १९९९ मध्ये मूळ पाच वर्षांपुरते कलम वैध ठरवले. पुरवणीबाबत मात्र, ती बंधूंच्या संमतीच्या अटीवर सही केलेली होती का, हा वस्तुस्थितीचा प्रश्न असून तो ज्युरीने ठरवला पाहिजे, असे सांगून तेवढा भाग परत पाठवला. न्यायालयाने पुरवणी रद्द केली नव्हती, हे लक्षात घ्या. तो वाद चालवण्याजोगा आहे, इतकेच म्हटले होते. निकाल टेनेसीच्या कायद्याखाली असल्याने ओहायोच्या राज्य न्यायालयाला तो पाळण्याचे बंधनही नाही, पण अशा प्रकरणात तो वाचला जातो.

डिनार्डोंपेक्षा एका बाबतीत तुम्ही सरस आहात: त्यांचे म्हणणे तोंडी होते, तुमचे लेखी आहे. दोन बाबतींत मात्र तुम्ही कमकुवत आहात. सप्टेंबरपासून वाढीव पगार तुम्ही घेत आला आहात, आणि साडेतीन महिन्यांत ती पुरवणी बंधूंना दाखवलीच नाही. ‘दाखवून कळवतो’ म्हणणारा माणूस वाढ घेऊन गप्प बसला, तर त्याने मान्यता दिली, असे विद्यापीठाचे वकील पहिल्याच पत्रात लिहितील. तुमच्या शांततेचे किती वजन पडेल, हे मी आज सांगू शकत नाही. पुरवणीत ‘हाच संपूर्ण करार असून अन्य कोणतेही बोलणे ग्राह्य नाही’ अशा अर्थाचे वाक्य असते, तर तुमची वाट आणखी अवघड झाली असती. ते मला आढळले नाही. मूळ करारात मात्र तसे कलम आहे आणि ते पुरवणीलाही लागू पडते का, यावर वाद होईल.

तुमच्या वडील बंधूंनी आता डिसेंबरात दिलेल्या सल्ल्याबद्दल, त्यांच्याविषयी पूर्ण आदर राखून, स्पष्ट लिहितो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाई ठरवते, हे त्यांचे म्हणणे भारतापुरते बरोबर आहे. इथे तसे नाही. ओहायोत न्यायालय आधी एवढेच पाहते की ठरवलेली रक्कम खरी आगाऊ नुकसानभरपाई आहे की दंड. भरपाई ठरली तर पूर्ण रक्कम द्यावी लागते आणि विद्यापीठाला प्रत्यक्ष तोटा किती झाला हे डॉलरनिशी सिद्ध करावे लागत नाही. दंड ठरला तर कलम गळून पडते. ‘न्यायालय निम्म्यावर आणेल’ या भरवशावर राजीनामा देऊ नका.

ओहायोतलाच निकाल पाहायचा तर तो बास्केटबॉलचा आहे. केंट स्टेट विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक जीनो फोर्ड २०११ मध्ये चार वर्षे बाकी असताना ब्रॅडली विद्यापीठात गेले. वेतन ३,००,००० डॉलर होते, म्हणून मागणी झाली १२ लाख डॉलरची, आणि २०१५ च्या जानेवारीत अपील न्यायालयाने ती पूर्णच्या पूर्ण कायम केली. त्यांनीही जाण्याच्या आदल्याच वर्षी नव्या मुदतीचा करार केला होता. लहान विद्यापीठांची बाजूही इथे समजून घेतली पाहिजे. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर जेम्स मॅडिसन विद्यापीठाचे मुख्य फुटबॉल प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी इंडियाना विद्यापीठात गेले तेव्हा त्यांच्यामागोमाग सहायक गेले आणि खेळाडूही गेले. वर्षानुवर्षे उभा केलेला संघ असा एका महिन्यात रिकामा होतो, देणगीदार विचारू लागतात, भरतीसाठी शब्द दिलेली मुले दुसरीकडे वळतात. हे नुकसान मोजता येत नाही, म्हणूनच न्यायालये अशी कलमे उचलून धरतात.

आणि तुमचा दुसरा चांगला मुद्दा याच कारणातून निघतो. देणगीदार, तिकीटविक्री आणि भरती यांचा तोटा मुख्य प्रशिक्षकाच्या जाण्याने होतो. व्यायाम घेणारा सहायक गेल्याने तो तसाच होतो, असे म्हणणे कठीण आहे. तुमच्या जागी साधारण ६८,००० डॉलरवरच दुसरा माणूस मिळाला, तर १,४४,५०० डॉलर ही रक्कम दंडासारखी दिसू लागते. हा मुद्दा मला प्रामाणिकपणे पटतो. सहायकांबाबत न्यायालये तो मानतीलच, असे मात्र मी छातीठोकपणे लिहिणार नाही. तडजोडीच्या बोलण्यात तो नक्की वापरावा.

‘सहायकांकडून आजवर कोणी वसूल केलेले नाही, असे डायरेक्टर स्वतः म्हणाले होते’ या वाक्यावर तुम्ही फार विसंबला आहात. फुटबॉल प्रशिक्षक रिच रॉड्रिग्ज डिसेंबर २००७ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठ सोडून मिशिगन विद्यापीठात गेले, तेव्हा ४० लाख डॉलरचे बायआउट कमी करण्याचे तोंडी आश्वासन आपल्याला मिळाले होते, असे त्यांचेही म्हणणे होते. जुलै २००८ मध्ये तडजोड झाली ती पूर्ण ४० लाखांवर: २५ लाख मिशिगनने दिले, १५ लाख त्यांनी स्वतः. व्हरांड्यात उभे राहून बोललेले शब्द विद्यापीठाच्या फाइलमध्ये नसतात. शिवाय तुमचे विद्यापीठ सरकारी आहे. ओहायोत अशा संस्थांचे थकीत येणे वसुलीसाठी राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याकडे, जाऊ शकते, आणि तिथे डायरेक्टरांची ओळख उपयोगी पडत नाही.

कोर्टात जाऊन लढायचेच असेल तर वेळेचा हिशेब करा. डिनार्डो १९९४ च्या डिसेंबरात गेले आणि अपिलाचा निकाल १९९९ मध्ये आला, तोही एक भाग परत पाठवणारा. फोर्ड यांच्या प्रकरणाला जवळजवळ चार वर्षे लागली. करारातील एक ओळ वाचून निकाल देण्यास इतकी वर्षे लागावीत, याचे समर्थन मला कधीच करता आलेले नाही. त्या काळात व्याज वाढते, वकिलाची फी वाढते आणि माणूस प्रत्येक फोन दचकून उचलतो. तुमच्या पगाराच्या माणसाने जिंकूनही हरावे, असा हा मार्ग आहे. तुमचा प्रश्न राजीनाम्याआधी सुटला पाहिजे.

म्हणून क्रम असा ठेवा. दुसऱ्या विद्यापीठाशी बोलण्यापूर्वी लेखी परवानगी घेण्याची अट तुमच्या अकराव्या कलमात आहे. ती आज मागा. मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ साली नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक डॉन ब्राउन परवानगीच्या अशाच अटीकडे दुर्लक्ष करून दुसरीकडे गेले, तेव्हा करारात अवघ्या २५,००० डॉलरचे बायआउट असूनही न्यायालयाने त्यांना नव्या ठिकाणी काम करण्यास तात्पुरती मनाई केली होती. परवानगी मिळाली म्हणजे बायआउट माफ झाले, असे समजू नका. डिनार्डो यांच्याबाबत तो युक्तिवाद टिकला नाही.

त्यानंतर नव्या विद्यापीठाकडून ऑफर लेटर घ्या. मुख्य प्रशिक्षकांचा ‘सोमवारपासून या’ हा संदेश म्हणजे नोकरी नव्हे. त्या पत्रात बायआउटची रक्कम कोण, किती आणि कोणत्या तारखेला भरणार हे लिहून घ्या. ती रक्कम नव्या विद्यापीठाने तुमच्या वतीने भरली तर तुमचे उत्पन्न धरली जाऊन तिच्यावर कर लागू शकतो, आणि २०१८ पासून नोकरदाराला अशा खर्चाची वजावट बहुधा मिळत नाही. म्हणून करसल्लागाराला विचारून कराचा भारही त्याच पत्रात वाटून घ्या. तुम्ही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहात. विद्यापीठातून विद्यापीठात जाताना व्हिसासाठीच्या लॉटरीचा प्रश्न येत नाही, पण नव्या विद्यापीठाचा व्हिसा अर्ज दाखल होण्यापूर्वी तिथे एक दिवसही काम करता येत नाही, आणि इथली नोकरी आधी सोडली तर तो अर्ज दाखल होण्यासाठी तुमच्याकडे जास्तीत जास्त ६० दिवस उरतात.

या गोष्टी हातात आल्या की रोजगार करारांचे काम करणाऱ्या तुमच्या परिसरातील वकिलामार्फत विद्यापीठाला पत्र पाठवा: पुरवणी बंधूंच्या संमतीच्या अटीवर होती, ती संमती झाली नाही, त्यामुळे मूळ मुदतीचे ८,५०० डॉलर आम्ही देऊ करतो. विद्यापीठ ते लगेच मान्य करील असे नाही, पण बोलणी त्या आकड्यापासून सुरू होतील. आज रात्री मात्र एवढेच करा की ऑगस्टमधील ते दोन ईमेल, तारीख आणि वेळ दिसेल अशा रीतीने, छापून घ्या. ते विद्यापीठाच्या खात्यावर आहेत, आणि राजीनामा दिला की ते खाते बंद होते.